चालावे कसे? तीन मिनिटे सावकाश, तीन मिनिटे भरभर
(गणेशोत्सवातील ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दांडिया बाजार, रावपुरा भागातले आम्ही आठ-दहा जण कित्येक वर्षे सकाळी कमाटीबागेत जातो. दोन फेऱ्या, बाकावर गप्पा आणि मग चहा. आम्हाला वाटे, व्यायाम झाला. गेल्या विसर्जनाला मात्र मिरवणुकीत अर्ध्या वाटेवरच आम्हाला धाप लागली आणि निम्मे जण रिक्षाने घरी परतले. रोज चालणाऱ्यांची ही गत का, असे आमच्यातल्याच एका निवृत्त डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "तुम्ही फिरता, चालत नाही."

त्यांनी समजावले ते असे. रक्तवाहिनीला आतून पेशींचे पातळ अस्तर असते. आपण भरभर चाललो की पायांकडे रक्त वेगाने धावते आणि या अस्तराला घासून जाते. त्यामुळे अस्तरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. तो वाहिनीचा स्नायू सैल करतो आणि वाहिनी रुंदावते. या वायूचे कार्य उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वय वाढते तशा वाहिन्या ताठर होतात, अस्तराचे काम मंदावते आणि वरचा रक्तदाब चढू लागतो. अस्तराला कामाला लावायचे तर रक्ताचा वेग वाढायला हवा. रमतगमत चालण्याने तो फारसा वाढत नाही.

पण या वयात सलग अर्धा तास भरभर चालणार कोण? याचे उत्तर जपानमधील मात्सुमोतो गावच्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सरासरी ६३ वर्षांचे २४६ स्त्री-पुरुष त्यात पाच महिने सहभागी होते. एका गटाने चालण्याचा व्यायाम केला नाही. दुसरा गट मध्यम गतीने दिवसाला आठ हजार पावले चालला. तिसरा गट तीन मिनिटे सावकाश आणि तीन मिनिटे भरभर, असे निदान पाच वेळा आलटूनपालटून चालला. दोन्ही गट आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस चालत. तिसऱ्या गटाच्या मांड्यांची ताकद १३ ते १७ टक्के वाढली, चालण्याचा दमसास ९ टक्के वाढला आणि वरचा रक्तदाब आठ हजार पावलेवाल्यांपेक्षा जास्त उतरला. मोबाईलवर पावले मोजणाऱ्या आम्हा मंडळींना हे ऐकून जरा ओशाळल्यासारखे झाले!

आता आम्ही तसेच चालतो. आधी पाच मिनिटे हळू, मग घड्याळ लावून तीन-तीन मिनिटांच्या पाच जोड्या. भरभर म्हणजे किती? दोन-चार शब्द बोलता येतील, पण आरती म्हणता येणार नाही इतके. आमच्यातल्या एका काकूंचे भरभर म्हणजे दुसऱ्या कुणाचे सावकाश. त्याने काही बिघडत नाही, ज्याने त्याने आपला वेग धरावा. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबणे आमचे आता बरेच कमी झाले आहे.

काही पथ्ये मात्र पाळा. हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. मधुमेहींनी नीट बसणारे बूट घालावेत, घरी आल्यावर तळपाय पाहावेत आणि खिशात साखर ठेवावी. छातीत जडपणा आला किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. ते दुखणे अंगावर काढू नका, दवाखाना गाठा.

यंदा विसर्जनाला शेवटपर्यंत पायी जायचे आम्ही ठरवले आहे. रिक्षा लागलीच, तर त्यात संकोच कसला? पण अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेसहाला, कमाटीबागेच्या दाराशी आम्ही उभे असू. आपणही या. चहा शेवटी आहेच.

गणपती बाप्पा मोरया!