पित्तनलिकेचा कर्करोग : आधी केमो, मग ऑपरेशन
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



डोळे पिवळे झाले की आपल्या बीड जिल्ह्यात पहिली आठवण होते ती झाडपाल्याची, नाहीतर दम केलेल्या पाण्याची. पुष्कळदा ती साधी कावीळ असते. परंतु पोट दुखत नसताना पिवळेपणा वाढत जातो, अंगाला खाज सुटते, लघवी गडद व शौच पांढुरके होते, तेव्हा यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळी तुंबलेली असू शकते. कारण खडा असेल, तशी गाठही असेल. अशा वेळी बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठून सोनोग्राफी करावी.

गाठ कर्करोगाची निघाली, तर तो मुळातून काढण्याचा मुख्य मार्ग शस्त्रक्रियाच होय. गाठ लहान असेल तर थेट ऑपरेशन करतात. परंतु कधी डॉक्टर म्हणतात, "आधी केमो घ्या." घरच्यांना वाटते, आता आशा संपली, आणि ते रुग्णाला गावी परत आणतात. मला सांगायचे ते एवढेच, की 'आधी केमो' म्हणजे नकार नव्हे.

गाठ रक्तवाहिनीला चिकटली असेल तर ती पुरती निघत नाही. केमोने ती आकसली तर ऑपरेशन शक्य होऊ शकते. तपासणीत न दिसणाऱ्या पेशींपर्यंतही औषध पोहोचते. आणि तरीही रोग पसरलाच, तर निष्फळ ऑपरेशनचे हाल टळतात. मात्र कावीळ फार असेल, तर आधी नळीत स्टेंट बसवून पित्ताला वाट करून देतात.

जेमसिटाबिन व सिस्प्लॅटिन या जोडीचा ब्रिटनमधील ४१० रुग्णांवरील अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रोग वाढलेल्या त्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान ८.१ महिन्यांवरून ११.७ महिन्यांवर गेले. पुढे अशी औषधे ऑपरेशनपूर्वीही देऊन पाहण्यात आली. परळच्या टाटा रुग्णालयात पित्ताशयाच्या वाढलेल्या कर्करोगात ऑपरेशनपूर्वी नुसती केमो द्यावी की सोबत किरणोपचारही, याची तुलना झाली आहे.

विद्यार्थी मित्रहो, घरात शिकलेले तुम्हीच. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : गाठ निघण्याजोगी आहे काय? केमोचा हेतू कोणता? पुन्हा सीटी स्कॅन केव्हा? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करा.

इलाज तवक्कुलच्या आड येत नाही. दुआ जरूर करावी. केमोची तारीख मात्र चुकवू नये.