न घेतलेल्या मालाचं बिल
(जालना जिल्हा बैठकीतील भाषण)



विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, सोयाबीनची खरेदी आहे, मोसंबीची फळगळ आहे. त्यात 'घरविम्याच्या नोटिसा' हा विषय पाहून काही जणांनी विचारलं, हे काय नवीन काढलं? नवीन काही नाही. ज्याच्याकडून काही घेणं लागत नाही त्याला कागद पाठवायचा, कागदावर 'थकबाकी' हा शब्द छापायचा आणि तो घाबरून पैसे भरतो का ते पाहायचं, हा जुनाच धंदा आहे. सोसायटी, सावकार आणि वीज कंपनी यांनी आपल्याला या शब्दाची इतकी दहशत बसवली आहे, की थकबाकी म्हटलं की माणूस आधी पैशाची तजवीज करतो आणि मग विचारतो, कशाची? आज आपण आधी 'कशाची' ते विचारणार आहोत.

प्रकार असा आहे. अंबड तालुक्यात गोदाकाठच्या एका गावातल्या शेतकऱ्याने घर बांधायला बँकेचं कर्ज काढलं. बँकेने कर्जाबरोबर घराचा विमा काढून दिला, तीन वर्षांचा. पैसे कर्जातूनच कापून घेतले. तीन वर्षं झाली, विमा संपला, याने पुढे हप्ता भरला नाही. कोणी भरा म्हणूनही सांगितलं नाही. वर्ष उलटल्यावर विमा कंपनीचं पत्र आलं : आपल्या पॉलिसीचा हप्ता थकला आहे, अधिक सेवाशुल्क, पंधरा दिवसांत भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई. कंपनीचं आणि बँकेचं नाव आम्ही इथे घेत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे आणि एका कंपनीला धरून बसण्यात अर्थही नाही. प्रश्न त्या पत्रातल्या हिशेबाचा आहे.

आता हा हिशेब आपल्या भाषेत मांडून पाहू. मोंढ्यातल्या दुकानदाराकडून गेल्या वर्षी तुम्ही कपाशीच्या दोन बॅगा घेतल्या. यंदा घेतल्या नाहीत. बॅगा त्याच्याच फळीवर राहिल्या. दिवाळीला त्याने तुम्हाला बिल पाठवलं, की यंदाच्या दोन बॅगांचे पैसे बाकी आहेत. तुम्ही त्याला काय म्हणाल ते या मंडपात मायबहिणी बसल्या आहेत म्हणून आम्ही बोलत नाही. विम्याचा माल म्हणजे जोखीम. कंपनीने तुमच्या घराची जोखीम उचलली, तर तिने माल दिला. उचललीच नाही, तर बिल कशाचं?

कंपनीने जोखीम उचलली होती की नाही, हे ठरवायला वकील लागत नाही. विमा कायदा १९३८ चा आहे. त्यात १९६८ च्या दुरुस्तीने कलम ६४ व्हीबी घातलं गेलं. त्याचा अर्थ असा, की हप्ता आधी हातात पडल्याशिवाय, किंवा तो भरण्याची ठरलेल्या पद्धतीने हमी अथवा आगाऊ ठेव मिळाल्याशिवाय, कोणत्याही विमा कंपनीने जोखीम अंगावर घ्यायची नाही. वीज आधी वापरायची आणि बिल मागून यायचं, असं विम्याचं नाही. इथे पैसा आधी, जोखीम मागून. उधारीवर विमा विकायला कायद्यानेच मनाई आहे. मग थकबाकी येईल कुठून?

गंमत अशी, की हेच कलम कंपन्यांना तोंडपाठ असतं, फक्त भरपाई द्यायच्या वेळी. हप्त्याचा चेक वटला नाही म्हणून भरपाई नाही, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१ साली नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध सीमा मल्होत्रा या खटल्यात न्यायालयाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं. पैसा नाही तर जोखीम नाही. निकाल आम्हाला मान्य आहे. पण तो दोन्ही बाजूंना लागू झाला पाहिजे. आमचं घर पडतं तेव्हा 'पैसा नाही तर विमा नाही' आणि घर उभं राहतं तेव्हा 'विमा होता, पैसा टाका', असे दोन काटे एका दुकानात चालणार नाहीत.

म्हणून आम्ही त्या शेतकऱ्याच्या हाताने कंपनीला चार ओळींचं पत्र लिहिलं. त्यात एकच प्रश्न मुख्य ठेवला. तुम्ही ज्या मुदतीचे पैसे मागता, त्या मुदतीत माझं घर पुरात पडलं असतं, तर तुम्ही भरपाई दिली असती का? हो की नाही, लेखी कळवा. हो असेल तर पॉलिसीचा नंबर, जोखीम सुरू झाल्याची तारीख आणि हप्ता किंवा ठेव कोणाकडून कधी मिळाली ते कळवा. नाही असेल तर मागणी मागे घेतल्याचं कळवा.

हा प्रश्न पुस्तकी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीचे दरवाजे उघडले, तेव्हा गोदाकाठच्या घरांत पाणी शिरलं ते तुम्ही पाहिलं आहे. अंबड आणि घनसावंगीच्या लोकांना सांगायला नको. ज्यांचा विमा बंद पडला होता, त्यातल्या कोणी त्या आठवड्यात कंपनीकडे जाऊन म्हटलं असतं, की मागचा हप्ता आता घ्या आणि पडलेल्या भिंतीची भरपाई द्या, तर कंपनीने दारात उभं केलं नसतं. मग उलट बाजूने तीच कंपनी मागचा हप्ता मागते, तेव्हा आपणही तिला दारातच उभं केलं पाहिजे.

पत्राला महिनाभराने उत्तर आलं. ते कॉम्प्युटरने काढलेलं, बिनसहीचं होतं. त्यात आमच्या प्रश्नाला हात लावलेला नव्हता. मागणी तशीच होती. त्यावर पुढचं पाऊल आपण उचललं आहे, ते पुढे सांगतो. त्याआधी एका गोष्टीत आपली फसगत होऊ नये म्हणून थोडं थांबतो.

पैसे मागणारा दर वेळी कंपनीच असेल असं नाही. घर बँकेकडे गहाण असेल तर गहाणखतात बहुतेक वेळा एक कलम असतं, की कर्जदाराने विमा चालू ठेवायचा, न ठेवल्यास बँक स्वतः विमा काढील आणि पैसे कर्जखात्याला नावे टाकील. ते कलम असेल आणि बँकेने खरोखर वेळेवर विमा काढला असेल, तर ते पैसे देणं लागतात. तिथे अंगावर जाऊन उपयोग नाही. पण 'खरोखर' हा शब्द लक्षात ठेवा. बँकेच्या पासबुकात विम्याच्या नावाने रक्कम नावे पडली, याचा अर्थ विमा निघाला असा होत नाही. पॉलिसीची प्रत मागा. प्रत मिळत नसेल तर रक्कम व्याजासह परत जमा करायला सांगा. आणि अमक्याच कंपनीचा विमा घ्या अशी जबरदस्ती बँकेला करता येत नाही, तशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. शाखाधिकारी त्या सांगत नाही, हे खरं.

ही रक्कम लहान असते, म्हणून आपण सोडून देतो. सोडू नका. कंपनीचं पत्र म्हणजे वसुलीचा हुकूम नव्हे. कंपनीला तुमच्या दारात जप्ती आणता येत नाही, त्यासाठी तिला दिवाणी कोर्टात जाऊन देणं सिद्ध करावं लागतं. पण तीच रक्कम एकदा कर्जखात्यात शिरली, की ती कर्ज होते. तिला व्याज लागतं, खातं थकीत दिसतं, आणि सहकारी संस्था असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला काढायची सोय होते. २०१७ च्या आणि २०१९ च्या कर्जमाफीत नियमित कोण आणि थकीत कोण यावरून किती काथ्याकूट झाला, ते तुम्ही विसरला नसाल. म्हणून खातेउतारा दर सहा महिन्यांनी काढायचा आणि न कळणाऱ्या प्रत्येक नोंदीवर लेखी खुलासा मागायचा.

बँकेने विमा काढला आणि पॉलिसीवर आपलं नाव नाही, तर आपल्याला विचारायचा हक्क आहे का? आहे. कर्नाटकात शेतकऱ्यांनी शीतगृहात माल ठेवला होता, त्या मालावर कॅनरा बँकेचं कर्ज घेतलं होतं आणि विमा शीतगृहाच्या नावे होता. जानेवारी २०१४ मध्ये आग लागली. युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनीने सांगितलं, की या शेतकऱ्यांचा आणि आमचा संबंध नाही, ते आमचे ग्राहकच नव्हेत. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणं फेटाळलं. ज्याच्या फायद्यासाठी विमा आहे तो शेतकरीही ग्राहकच, असा निकाल दिला.

उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची, गोष्ट पीकविम्याची आहे, पण धडा तोच आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन पाण्यात गेलं. कंपनीने ७२ तासांत कळवलं नाही म्हणून हात वर केले. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई द्यायला सांगितलं. लोक कागद घेऊन उभे राहिले म्हणून तो हुकूम झाला.

आयुर्विम्याची गोष्ट वेगळी आहे, तिची या विषयात गल्लत करू नका. तिथे हप्ता चुकला तर काही दिवसांची सवलत असते, नंतर पॉलिसी बंद पडते, आणि ती पुन्हा सुरू करायची असेल तर मागचे हप्ते व्याजासह भरावे लागतात. पण तेही सुरू करायची असेल तरच. ती कोणी तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. ४३६ आणि २० रुपयांचे प्रधानमंत्री विमे तुमच्यापैकी पुष्कळांच्या खात्याला आहेत. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे नसले तर विमा बंद, एवढंच. मागची बाकी कोणी मागत नाही.

आणखी एक. बंद पॉलिसीचे पैसे भरा, मोठा बोनस अडकला आहे, असे फोन येतात. समोरचा माणूस विमा प्राधिकरणाचं नाव घेतो. प्राधिकरण कोणालाही फोन करून विमा विकत नाही की बोनस वाटत नाही. तो फोन ठेवून द्या, त्याला कलम ६४ व्हीबी समजावत बसू नका.

आता कोणी म्हणेल, एवढी कटकट असेल तर घराचा विमा नकोच. आमचं मत तसं नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरं माणसांवर कोसळली, तेव्हा खेड्यात घराचा विमा ही कल्पनाच नव्हती. आज ती आहे. एप्रिल २०२१ पासून साध्या विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी ठेवावीच लागते. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप त्यात येतात. घ्यायची असेल तर स्वतः घ्या, पावती स्वतःच्या हातात घ्या आणि भिंती व छप्पर कशाचं आहे ते अर्जात खरं लिहा. माळवदाला स्लॅब लिहिणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. 'लक्ष्मीमुक्ती'च्या काळात ज्यांनी घर-जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे केली, त्यांनी विमाही तिच्याच नावे काढायचा. घर एकाच्या नावे आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, हा कंपनीला आयता मुद्दा मिळतो. आणि भाव येईपर्यंत आपण घरात कापूस भरून ठेवतो. घरविम्यात घरगुती सामान धरतात, विक्रीचा माल नव्हे. कापूस धरला आहे का, हे विमा काढतानाच लेखी विचारा. निम्मं घर कापसाने भरलेलं असताना नुसत्या भांड्याकुंड्यांचा विमा काढून आपलं भागत नाही.

तर त्या अंबडच्या प्रकरणात पुढे काय? कंपनीकडे तक्रार देऊन एक महिना झाला, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्याला पुण्याचं कार्यालय लागतं. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील चालत नाही. शेतकऱ्याने स्वतः बोलायचं, आणि हे आपल्याला उलट सोयीचं आहे. निर्णय कंपनीवर बंधनकारक, आपल्याला पटला नाही तर पुढची वाट मोकळी. ती वाट म्हणजे ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईला असो की चेन्नईला, तिला जालन्याला यावं लागतं. मात्र दोन्हीकडे एकदम जायचं नाही, आयोगात प्रकरण असेल तर लोकपाल ते घेत नाही. बँकेविरुद्धची तक्रार वेगळी, ती आधी बँकेकडे आणि तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

आपल्या माणसाचा अर्ज पुण्याला गेला आहे. दरम्यान त्याने एक पैसाही भरलेला नाही. 'हरकत राखून' थोडे भरून टाक, असा सल्ला त्याला गावातल्या एका शहाण्याने दिला होता. तो त्याने ऐकला नाही, बरं केलं. थोडे भरले की देणं कबूल केलं असा अर्थ कंपनी काढते.

पत्राचा नमुना मागच्या टेबलावर ठेवला आहे. बदनापूर, भोकरदन आणि मंठ्याच्या कार्यकर्त्यांनी जास्तीच्या प्रती न्याव्यात. ज्यांच्याकडे अशी नोटीस आली आहे त्यांनी मूळ कागद कोणाला देऊ नये, झेरॉक्स आणावी. सोबत कर्जाचा खातेउतारा आणि जुनी पॉलिसी असली तर तीही आणावी. पत्र पाठवताना रजिस्टर पोस्ट मागू नका, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. स्पीड पोस्टानेच पाठवा, पोचपावती मागून घ्या आणि ती पॉलिसीच्या पिशवीतच ठेवा.