गाडीचा विमा : हप्ता कमी, संरक्षण पुरेसं
शिरवळहून पुणे-सातारा महामार्गावर किंवा खंबाटकी घाटात गाडी काढायची, तर विमा हवाच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवतं, म्हणून कंपन्यांची तुलना करायची ती आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याची. वर्षभर दावा केला नाही, तर या विम्याच्या पुढच्या हप्त्यात २० टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस मिळतो. सलग पाच वर्षांनी ५० टक्के. किरकोळ ओरखड्यासाठी दावा करण्याआधी हा हिशेब मांडा. विम्याची मुदत संपून नूतनीकरणाविना ९० दिवस उलटले, तर बोनस जातो. हप्ता घटवण्यासाठी गाडीची किंमत मात्र कमी दाखवू नका. गाडी चोरीला गेल्यास भरपाई त्याच किमतीवर ठरते.