जिवंत छपाई आणि सफाईचा हात



कामगार संघटनेच्या माणसाला प्रयोगशाळेत काय काम, असे विषय ऐकून काहींना वाटले असेल. पण प्रयोगशाळा कोणीतरी झाडतो, पुसतो, तिथली भांडी धुतो. म्हणून आम्हाला तिथे काम आहे.

जिवंत पेशी चिकट रसात कालवायच्या आणि यंत्राच्या बारीक सुईतून थरावर थर देत त्यांचा अवयवासारखा तुकडा घडवायचा, याला बायोप्रिंटिंग म्हणतात. २०२२ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी मानवी नेत्रऊतीपासून असे बुबुळावरचे पारदर्शक पटल छापले आणि ते सशाच्या डोळ्यात बसविले.

या शाईची गोम अशी, की ती उकळता येत नाही. शस्त्रे वाफेच्या दाबात १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवली की निर्जंतुक होतात. शाईला तसे केले तर पेशीच मरतील. म्हणजे सगळी स्वच्छता आधी; मागून दुरुस्ती नाही. त्यात ३७ अंशांची जी ऊब आणि जे अन्न पेशींना मानवते, तेच जंतूंनाही मानवते, आणि जंतू वाढतात कितीतरी वेगाने! कोणी शाईत जंतुनाशक औषध घालून ठेवतात. आमच्या मते त्याने गलथानपणावर पांघरूण पडते.

छपाई बंद कपाटात चालते. पंख्याने ओढलेली हवा बारीक गाळणीतून आत सोडतात, तिचा जणू पडदाच होतो. हात झपकन आतबाहेर केला, किंवा पुढच्या जाळीवर कागद ठेवला, तरी तो पडदा फाटतो. वळवाच्या पावसात वीज जाणे आपल्याला नवे नाही. पण तिथे पंखा थांबला की पडदा संपला, आणि उबेच्या पेटीचा पाराही उतरू लागतो. सत्तर टक्के स्पिरिटने पुसतात, कारण त्यातल्या पाण्यामुळे ते जंतूंवर नीट काम करते. मात्र फडके फिरवून लगेच कोरडे केले तर उपयोग नाही, आणि काही जंतूंची बीजे त्यानेही मरत नाहीत. निळसर दिव्याचे किरण सावलीत पोचत नाहीत. हे सारे पुसणाऱ्याला कोण शिकवतो?

याला कोणी सोवळे म्हणू नये. सोवळे विचारते, हात कोणाचा. प्रयोगशाळा विचारते, हाताला काय लागले आहे. आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन पदावरून गेले. बाटली उघडण्याचा चिमटा त्या गावी जमिनीवर पडला होता, मदतनिसाने तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात खळबळून पुन्हा वापरला होता, याकडे नीट लक्ष जाऊन हाफकिन दोषमुक्त व्हायला १९०७ साल उजाडले.

आम्हाला त्या मदतनिसाचा विचार सुटत नाही. चिमटा पडला तेव्हा समोर टोचून घ्यायला आलेली माणसे ताटकळत असणार. अशा वेळी ‘थांबा, ही बाटली नको’ म्हणायला धैर्य लागते, आणि पोट दुसऱ्याच्या हाती असलेल्याला ते परवडत नाही. आजही अशा शाळांतली सफाई पुष्कळदा कंत्राटावर असते. माणूस तीन महिन्यांनी बदलतो, नवा येतो, त्याच्या हाती फडके देतात. अंगरखा, टोपी, हातमोजे चढवायला लागणारा वेळ कामाचा धरीत नाहीत. मग तो घाईने चढवतो, आणि मोज्याला फाट गेली तरी बोलत नाही.

तेव्हा आम्ही करारात लिहून मागतो ते एवढेच: पुसणाऱ्याला शास्त्रज्ञाने आपल्या भाषेत शिकवावे, पेहराव चढवण्याचा वेळ पगारी असावा, आणि ‘माझ्या हातून चिमटा पडला’ असे जो सांगेल, त्याची त्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये.