प्रौढ वयातील सुंता : लाभ, धोके आणि निर्णय

(बाभुळगाव, जि. यवतमाळ येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर एका वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय चारचौघांत उच्चारला जात नाही; म्हणूनच तो आपणांसमोर मांडणे मला अगत्याचे वाटते. कापूस वेचणीच्या दिवसांत पन्नाशीचे एक शेतकरी माझ्याकडे आले. शिस्नाच्या टोकावरील त्वचा, म्हणजे अग्रत्वचा, इतकी आवळली होती की लघवी थेंबथेंब होत होती. दोन वर्षे ते दुकानातून मलमे आणून लावीत होते. तपासणीत मधुमेह निघाला. मी सुंतेचा सल्ला देताच ते खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, गावात मालूम पडलं तं लोक काय म्हणतीन?" त्यांची दोन वर्षे या एका प्रश्नाने खाल्ली होती.

प्रथम हा गैरसमज दूर करू. मुस्लिम व ज्यू समाजांत, आपल्या कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजातही, सुंता हा धर्मविधी आहे आणि त्याचा आदर राखलाच पाहिजे. परंतु आजारासाठी केलेली सुंता ही केवळ शस्त्रक्रिया होय. तिने कोणाचा धर्म बदलत नाही. आपल्या सुश्रुतसंहितेतही अग्रत्वचा आवळण्याच्या विकाराला 'निरुद्धप्रकश' असे नाव असून, तूप लावलेली नळी घालून मार्ग हळूहळू रुंद करणे किंवा त्वचेला छेद देणे, असे उपाय तेथे सांगितले आहेत.

मग ही शस्त्रक्रिया केव्हा करावी? त्वचा मागे सरत नाही व लघवीस किंवा वैवाहिक जीवनास अडथळा होतो. त्वचेखाली वारंवार सूज व पू होतो. त्वचा पांढुरकी व कठीण होऊन आकसते. किंवा मागे सरकलेली त्वचा पुन्हा पुन्हा तेथेच अडकते, अशा वेळी तिचा लाभ निश्चित असतो. त्वचा अशी अडकून टोक सुजले, तर मात्र एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावे. न भरणारी जखम किंवा गाठ असल्यास कर्करोगाची तपासणी अनिवार्य आहे.

तथापि प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रिया लागत नाही. व्रण नसलेली आवळलेली त्वचा डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने काही आठवड्यांत सैल होऊ शकते. बुरशीचा संसर्ग औषधाने बरा होतो. मधुमेहात लघवीतील साखरेमुळे हा संसर्ग वारंवार उद्भवतो, आणि साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या काही नव्या गोळ्यांनीही तो वाढू शकतो. म्हणून आधी रक्तातील साखर तपासावी. रोज पाण्याने स्वच्छता राखणे हा तर बिनखर्चाचा उपाय आहे.

आता एड्सविषयी. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या २,२९८ पुरुषांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. सुंता झालेल्या पुरुषांत एचआयव्हीची लागण बरीच कमी आढळली. परंतु उपदंश व परमा यांपासून संरक्षण दिसले नाही. पुढे दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील चाचण्यांत, स्त्रीकडून पुरुषास होणाऱ्या एचआयव्ही संसर्गाचा धोका सुमारे ५० ते ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रादुर्भाव अधिक असलेल्या आफ्रिकी देशांसाठी ही शस्त्रक्रिया सुचविली. भारतात प्रौढांतील प्रादुर्भाव सुमारे ०.२ टक्के असल्याने तो हिशेब येथे जसाच्या तसा लागू होत नाही. धोका निम्म्याने घटणे म्हणजे धोका संपणे नव्हे. निरोधची जागा सुंता घेऊ शकत नाही.

धोक्यांचे पारडेही पाहिले पाहिजे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, सूज, त्वचा कमी-अधिक कापली जाणे, क्वचित शिस्नास इजा, असे हे धोके आहेत. वरील चाचण्यांत प्रशिक्षित हातांनी व काटेकोर देखरेखीखाली काम होऊनही शंभरात चारपर्यंत पुरुषांना लक्षणीय गुंतागुंत झाली. अप्रशिक्षित हातांत हा धोका कितीतरी वाढतो. लैंगिक समाधानात बहुतेकांना मोठा फरक जाणवला नाही. मात्र काहींना संवेदनेत बदल वाटतो, हे रुग्णास आधीच सांगावे. अनियंत्रित मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी औषधे असल्यास प्रथम त्यांची व्यवस्था लावावी. जखम पूर्ण भरेपर्यंत, सुमारे सहा आठवडे, शरीरसंबंध टाळावा. प्रारंभीचे काही दिवस जड कामही करू नये. शेतकऱ्याने पेरणी व वेचणीचा हंगाम टाळून तारीख ठरविणे शहाणपणाचे. तातडीच्या आजारात मात्र हंगामाची वाट पाहू नये.

सारांश, आजार असेल तर लाभाचे पारडे जड. आजार नसताना केवळ ऐकीव गोष्टींवरून किंवा 'शक्ती वाढते' अशा जाहिरातीवरून शस्त्रक्रिया करू नये.

आपणांकडून माझी अपेक्षा माफक आहे. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना शरीरस्वच्छता संकोच न करता शिकवावी. पंचायत सदस्यांनी भोंदू वैद्यांच्या तंबूंना गावात थारा देऊ नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत, हे लोकांना सांगावे. आणि कोणी दवाखान्यात गेला, तर तो कशासाठी गेला, याची चर्चा चावडीवर होऊ देऊ नये.

त्या शेतकऱ्यांची साखर आटोक्यात आणून शस्त्रक्रिया केली. पुढच्या हंगामात ते शेतात होते. जाताना म्हणाले, "आधीच आलो असतो तं बरं झालं असतं." हे वाक्य दुसऱ्या कोणास म्हणावे लागू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.