जमिनीतून घरात शिरणारी वाफ

झाँसीचे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या मनात प्रथम किल्ला उभा राहतो. तो ज्या खडकावर उभा आहे, त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. किल्ल्याखाली, शहराखाली आणि छावणीतील बंगल्यांखाली पसरलेला हा बुंदेलखंडी ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. वरची माती बहुतेक ठिकाणी बेताचीच, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगांनी चिरलेला कठीण पाषाण. विहिरींना पाणी येते ते या मुरमातून आणि भेगांतून. पण त्याच वाटेने पेट्रोलची वाफही फिरू शकते.

मोटारी वाढल्या तसे पेट्रोल जमिनीखालच्या टाक्यांत साठविण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. आगीच्या दृष्टीने ती शहाणपणाचीच आहे. परंतु जी वस्तू डोळ्यांआड ठेवली जाते, तिचा क्षयही डोळ्यांआडच होतो. पोलाद गंजते, नळांचे सांधे ढिले पडतात. झिरपलेले पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगत राहते आणि त्याची वाफ मातीतील पोकळ्यांतून वर चढू लागते. घराच्या जमिनीला तडा असेल, नळाभोवतीची फट बुजविलेली नसेल, तर ती थेट खोलीत येते. या वाफेत बेंझिन असते, आणि ते रक्ताच्या कर्करोगाला कारण होते, हे आता निर्विवाद आहे. भारतात बाहेरच्या हवेसाठी बेंझिनची वार्षिक मर्यादा २००९ साली घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली. नाकाला त्याचा वास लागण्यास याच्या शेकडो पट प्रमाण हवे. तेव्हा वास येत नाही म्हणून निश्चिंत राहणे बरे नव्हे.

सुदैवाने मातीत या वाफेचे भक्षक आहेत. पुरेसा प्राणवायू मिळाला तर सूक्ष्म जंतू बेंझिन खाऊन टाकतात, आणि काही फुटांच्या अंतरात ते जवळजवळ नाहीसे होते. याच अनुभवावर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१५ साली एक हिशेब मांडला: तरंगते पेट्रोल आणि घराचा तळ यांमध्ये १५ फूट स्वच्छ माती असेल, किंवा पेट्रोल केवळ पाण्यात विरघळलेले असून मध्ये ६ फूट माती असेल, तर सामान्यतः धोका मानू नये. हिशेब सोपा आहे, म्हणूनच तो उचलून कोठेही लावण्याचा मोह होतो. झाँसीत तो तसा लावणे चुकीचे ठरेल. जंतूंना ओलावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा वरची माती भाजून निघालेली असते. शिवाय भेगाळलेल्या खडकात वाफेला माती लागतच नाही. ती भेगेतून सरळ निघून येते. अशा जागी हा हिशेब लागू नाही, असे त्या खात्याचेही सांगणे आहे. त्यात हल्ली आपल्याकडील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जमिनीत कुजताना प्राणवायू संपवते आणि पुढे मिथेन निर्माण करते. म्हणजे भक्षकांचा श्वासच कोंडतो.

मग परीक्षा करावी कशी? आरंभ टाकीच्या वहीपासून होतो. रोज मापपट्टी घालून घेतलेली नोंद आणि विक्री यांचा मेळ महिनोन्‌महिने बसत नसेल, तर संशयाला जागा आहे. त्यानंतर जवळच्या विहिरी पाहाव्यात; पण येथे एका जुन्या रीतीबद्दल सावध केले पाहिजे. विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहणे ही आपल्याकडील परंपरागत खबरदारी. दूषित हवेत दिवा विझतो, हे खरे. पेट्रोलची वाफ मात्र हवेहून तीन-चार पट जड असल्याने तळाशी साचते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झाले की ठिणगीला पेट घेते. तेथे दिवा सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी गटारांत साचलेल्या पेट्रोलच्या वाफेने कित्येक रस्ते उखडले गेले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली.

पुढचे काम उपकरणांचे. घराच्या जमिनीला बारीक छिद्र पाडून खालची हवा ओढून घेतात आणि बेंझिनबरोबरच प्राणवायू व कार्बन डायऑक्साइडही मोजतात. प्राणवायू भरपूर असला तर जंतू कामावर आहेत असे समजावे. केवळ खोलीतील हवा मोजून भागत नाही, कारण ओसरीत उभी केलेली स्कूटर, ताजा रंग, एवढेच काय, सिगारेटसुद्धा बेंझिन सोडते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली नव्या पेट्रोल पंपांसाठी शाळा, रुग्णालये व वस्ती यांपासून ५० मीटर, आणि अडचण असल्यास अधिक खबरदारीसह निदान ३० मीटर अंतर ठरविले. नियम स्वागतार्ह आहे. तथापि हे अंतर जमिनीच्या वर मोजलेले असते, आणि जुन्या टाक्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

नमुने कोणत्या ऋतूत घेतले, यालाही मोठे महत्त्व आहे. पावसाळ्यात भूजल वर चढते आणि तरंगते पेट्रोलही घराजवळ आणते. अंगण भिजून बंद होते, घराखालची माती कोरडीच राहते, म्हणून वाफ तिकडे वळते. थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी पेटविली की तापलेली हवा वर जाते आणि घर जमिनीतली हवा शोषू लागते. जुन्या बंगल्यांची उंच छते आणि वरचे झरोके वाफ विरळ करतात. पण ते झरोके बुजविलेले असले तर तो लाभ नाही. उन्हाळ्यात खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत लोटतो, त्यामुळे वाफ मागे रेटली जाते आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून मे महिन्यातला नमुना कूलर काही तास बंद ठेवून घ्यावा लागतो, आणि जानेवारीत त्याच खोलीत पुन्हा एकदा.