कोड येत नाही, दुधाचा हिशोब येतो

मी जळकोटचा. म्हणजे सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं, तुळजापूर तालुक्यातलं जळकोट. लातूरचं वेगळं. आमची पार्सलं अधूनमधून तिकडं फिरून येतात, ते सोडा.

घरचं दूध संकलन केंद्र आहे. मी बी.ए., कोडिंगचा 'क' माहीत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत आंद्रे कार्पथी यांनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द आणला. कोड वाचायचाच नाही, एआयला नुसतं सांगत जायचं. म्हटलं, सांगायला आपल्याला येतंय की!

मराठीतच लिहिलं, 'गायीच्या दुधाचा हिशोब ठेवणारं ॲप बनव. सभासद नंबर, तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला मूळ दर, खाली गेलं की कपात.' तासाभरात फोनवर ॲप चालू. मी दोन-चार नोंदी टाकून बघितल्या, आकडे बरोबर. स्टेटसला पण टाकलं, खोटं कशाला बोलू.

नशीब, आधी गल्लीतले पाचच जण घेतले. दहा दिवसांनी बिल काढलं. शेजारच्या मावशी वही घेऊन आल्या. "लेकरा, माझं एकशे दहा लिटर झालंय. तू पन्नासच लावलंस. साठ लिटर कुणी पिलं?"

मला घामच फुटला. त्या पैशावर त्यांची पेंड येते, किराणा येतो.

रात्री एआयला विचारलं. कारण साधं निघालं. ॲपमध्ये एका सभासदाची एका तारखेला एकच नोंद बसत होती. सकाळचं सहा लिटर टाकलं, संध्याकाळचं पाच टाकलं की सकाळचं पुसलं जायचं. कसलाच एरर नाही, गुपचूप! आणि चूक कुणाची? दूध दोन वेळा येतं, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, हे काय सांगायचं असतंय का? मी तपासताना पण दर वेळी नवा सभासद नंबर टाकला होता.

मग 'सकाळ/संध्याकाळ' हा रकाना वाढवला. तीच नोंद पुन्हा टाकली तर आधी विचारायला लावलं. रोज रात्री सगळ्या नोंदींची फाइल स्वतःला मेल होते, कारण फोन हरवला तर हिशोब पण गेला.

पुसलेल्या नोंदी वहीवरून भरल्या, मावशींचं बिल पूर्ण दिलं. कागदी रजिस्टर अजून बंद केलेलं नाही. दर दहा दिवसांनी पहिलं बिल मावशींचंच काढतो. त्या वहीवर बोट ठेवून एकेक ओळ वाचतात, मी स्क्रीन बघतो. मागच्या वेळी अर्ध्या लिटरचा फरक आला. वहीतच चुकलं होतं, पण त्यांनी तीनदा मोजायला लावलं.